आधी गोष्ट वाच, मग परीक्षा घे

लेक साडेपाच वर्षांची असताना एका संध्याकाळी तिने माझ्या खोलीच्या दाराखालून एक चिठ्ठी आत सरकवली. मी दार लावून फोनवर बोलत होतो. चिठ्ठीवर पेन्सिलीने तीन अक्षरं, तिन्ही वेगवेगळ्या मापाची: 'बब य'. फोन आटोपून बाहेर आलो आणि पहिलं वाक्य बोललो ते असं, "अगं, बाबा असं लिहितात का? काने कुठे गेले?"

तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, चुरगळली आणि आजीकडे निघून गेली. त्यानंतर बरेच दिवस तिने मला उद्देशून एक अक्षर लिहिलं नाही.

'बाबा, ये.' एवढंच म्हणायचं होतं तिला. ते मला कळलंही होतं. म्हणजे चिठ्ठीने तिचं काम चोख केलं होतं. पण हे उमजायला मला जवळजवळ वर्ष लागलं, त्या वर्षाची ही हकीकत.

तोवर मी घरी जे करायचो त्याला 'शिकवणं' म्हणायचो. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, रोज संध्याकाळी अर्धा तास बैठक, पाटीवर ग म भ न, मग बाराखडी. मीही असाच शिकलो, माझं काय अडलं, हा युक्तिवाद तयार होताच. तिला बाराखडी तोंडपाठ होती, चालीसकट. पण मध्येच 'कु'वर बोट ठेवलं की ती 'क, का, कि, की' असा जिना चढत तिथवर यायची, आणि घाईत एखादी पायरी निसटली तर 'कु'ला 'की' म्हणून मोकळी व्हायची. तिला गाणं येत होतं, अक्षर येत नव्हतं. मला वाटायचं, सराव कमी पडतोय. मग आणखी सराव.

ग म भ न या क्रमाबद्दल जाता जाता एक सांगतो. हा क्रम हाताच्या सोयीचा आहे. एका अक्षराचं वळण गिरवलेलं पुढच्या अक्षरात कामी येतं. पण हाताची सोय ती डोळ्यांची गैरसोय. म आणि भ एकाच आठवड्यात, एकमेकांना खेटून! आमच्याकडे ही दोन अक्षरं कित्येक महिने एकमेकांच्या जागी जाऊन बसायची. घ आणि ध यांचं तर विचारूच नका.

पालकभेटीला बाईंनी प्रगतिपुस्तकाच्या आधी एक फाइल उघडली. त्यात लेकीचे कागद होते, प्रत्येकावर कोपऱ्यात तारीख. पहिल्या कागदावर नुसत्या आडव्या नागमोडी रेघा. बाई म्हणाल्या, "ही यादी आहे. तिनेच मला वाचून दाखवली." पुढच्या कागदावर तिच्या नावातली अक्षरं उलटसुलट क्रमाने पानभर पसरलेली. त्यानंतरच्या कागदावर चित्राखाली 'पखा'. पंख्याचं चित्र होतं.

"अनुस्वार विसरली," मी म्हणालो.

"विसरली नाही. तिला तो ऐकूच आलेला नाही अजून. तुम्ही 'पंखा' म्हणा आणि जीभ कुठे लागते ते बघा. तो अनुस्वार ख च्या आत दडलेला असतो."

माझा स्वभाव असा की कारण कळल्याशिवाय गोष्ट पटत नाही. बाईंनी वाचायला काही कागद दिले, त्यात कळलं की हे बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी नीट पाहून ठेवलेलं आहे. चार्ल्स रीड या भाषाशास्त्रज्ञाने १९७१ साली शाळेत जायच्या आधीच आपापलं स्पेलिंग बनवून लिहिणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचं लेखन तपासलं. मुलांच्या चुका मनाला येतील तशा नव्हत्या. 'ट्र'ने सुरू होणारे शब्द अनेक मुलं 'च्र'ने सुरू करत होती, कारण कानाला ते तसंच लागतं. आणि व्यंजनाच्या आधी येणारा अनुनासिक आवाज मुलं सर्रास गाळत होती. म्हणजे आमचा 'पखा' सातासमुद्रापारही होता. न्यूझीलंडच्या मरी क्ले यांनी तर त्याआधीच, १९६६च्या प्रबंधात, मांडलं होतं की वाचन-लेखन शाळेच्या पहिल्या दिवशी सुरू होत नाही. मूल आधीपासूनच त्याच्या वाटेवर असतं. नागमोडी रेघांची यादी ही त्या वाटेवरचीच.

'बब य' सुद्धा मग वेगळं दिसायला लागलं. आपल्या लिपीत व्यंजनात अ आधीच भरलेला असतो. तिला व्यंजनं ऐकू येत होती, ती तिने मांडली. स्वर अजून हाती लागले नव्हते. तीन अक्षरांत तीन व्यंजनं, तीही अगदी क्रमाने. साडेपाच वर्षांच्या कानाला हे सोपं काम नाही.

आता इथे मी सुधारलो असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी दुसऱ्या टोकाला गेलो. तक्ता काढला, पाटी माळ्यावर टाकली. आता फक्त गोष्टी! मुलं आपोआप वाचायला लागतात, असं मी बायकोला ठासून सांगितलं. रोज रात्री पुस्तक. आणि खरंच, तीन आठवड्यांत लेक एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत 'वाचायला' लागली. बोट ओळीवरून फिरवत, पान बरोबर जागी उलटत, माझेच हेल काढत. मी आल्यागेल्याला दाखवलं.

आजीने मोडता घातला. तिने एका पानावरच्या चित्रावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता वाच बरं." लेकीने आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "आजी, हात काढ ना, मला वाचता येत नाहीये."

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना ना आश्चर्य वाटलं, ना त्यांनी ते वाईट मानलं. त्यांच्या मते पाठ झालेलं पुस्तक ही कमाईच: पान कुठून सुरू होतं, ओळ कुठल्या बाजूला सरकते, छापलेलं दरवेळी तेच बोलतं, पुस्तकातली भाषा कशी असते, एवढं सगळं तिला आलं होतं. फक्त चिन्हावरून आवाजाकडे जाण्याचा रस्ता बांधलेला नव्हता, आणि तो आपोआप बांधला जात नाही. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघांनी १९८६ साली हे फार सुटसुटीत मांडलं. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: लिहिलेलं उलगडता येणं आणि भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक शून्य असेल तर दुसरं कितीही असलं तरी उत्तर शून्यच. आधी मी भाषा बाजूला ठेवून उलगडणं घोकून घेतलं होतं, नंतर उलगडणं सोडून नुसती भाषा पाजत बसलो.

वर्गात बाई सगळी मुळाक्षरं एकदम आणत नव्हत्या. क, म, न, ल आणि जोडीला काना, बस. एवढ्या ऐवजात कान, नाक, मान, काल, लाल, कमान, कमाल, नकल असे शब्द होतात. बाराखडी संपायची वाट न बघता मूल पहिल्याच पंधरवड्यात खराखुरा शब्द वाचतं. पुढच्या गटात दोन-तीन अक्षरं आणि आणखी एक स्वरचिन्ह. म शिकवून झाल्यावर भ यायला त्यांनी मुद्दाम दोन महिने जाऊ दिले. कन्नडमधल्या मुलांच्या वाचनाचा सोनाली नाग यांनी अभ्यास केला आहे. तीही आपल्यासारखीच अक्षरलिपी. त्यात दिसतं की सगळी चिन्हं आणि त्यांची मिश्रणं पक्की व्हायला चौथीपर्यंतचा, काहींना त्याहून जास्त काळ लागतो. मला तर ती पहिलीच्या सुट्टीआधी उरकायची होती.

घरासाठी बाईंनी एकच काम दिलं: शब्दांचे आवाज मोकळे करण्याचा खेळ. दिवसातून पाच-सात मिनिटं, कागद-पेन्सिलीशिवाय. चालताना, कपडे घड्या करताना, कुठेही. टाळ्या वाजवून शब्द तोडायचे. इथेच मी पुन्हा तोंडावर आपटलो. मी म्हणालो, "कमळ." तिने दोन टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "चूक, तीन. क, म, ळ." तिने परत म्हणून पाहिलं, क-मळ, आणि पुन्हा दोनच वाजवल्या. मग मी स्वतः म्हणून पाहिलं. दोनच. मला ऐकू येत नव्हतं. मला दिसत होतं. तीन अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर छापलेली होती आणि मी तीच मोजत होतो. वाचता येणाऱ्या माणसाचा कान कायमचा बिघडलेला असतो असं माझं तेव्हापासून मत आहे.

आणि मराठी वाचायला शिकणाऱ्यापुढे नेमकी हीच मोठी धोंड आहे. 'घर' लिहिताना घ मध्येही अ, र मध्येही अ. बोलताना शेवटचा अ गायब. लेक 'घ… र…' असं एकेक अक्षर बरोबर म्हणायची आणि मग त्याचं काय करायचं हे तिला कळायचं नाही, कारण 'घऽ रऽ' असा शब्द तिने कधी ऐकलेलाच नव्हता. यावर उपाय म्हणजे जुळवून झाल्यावर नेहमीच्या बोलण्यासारखं झटकन म्हणून बघायचं आणि ओळखीचं काही सापडतं का ते ऐकायचं. ती याला 'शब्द पळवणं' म्हणते. ज्या मुलाच्या कानावरून भरपूर शब्द गेलेत त्याला पळवलेला शब्द ओळखू येतो. नाही गेले तर येत नाही. आजीच्या पुस्तकाशिवायच्या गोष्टी इथे कामाला आल्या. तिने 'कमान' हा शब्द पहिल्यांदा जुळवला तेव्हा तो तिला आजीच्या एका राजवाड्यातून आधीच माहीत होता.

टाळ्यांनंतर चौकटी आल्या. दानिइल एल्कोनिन या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाची ही युक्ती: शब्दात जितके आवाज तितक्या चौकटी, आणि आवाज उच्चारत एकेक सोंगटी चौकटीत सरकवायची. बाईंनी ती आपल्या लिपीला वळवून घेतली होती. अक्षराला मोठं बटण, स्वराला छोटं. 'मान' म्हणजे मोठं, त्याला चिकटून छोटं, मग मोठं. छोटं बटण हातात धरून लेक विचारायची, "याचा आवाज काय?" आणि काना म्हणजे अक्षराशेजारची काठी नसून 'आ' हा आवाज आहे, हे तिला त्या बटणामुळे कळलं. पुढच्याच आठवड्यात कुठल्याशा कागदावर 'बाबा' आलं. दोन्ही काने जागेवर. मी काही बोललो नाही. जीभ चावली, पण बोललो नाही.

पहिल्या वेलांटीने मात्र छळलं. आवाज येतो अक्षरानंतर, काढायची अक्षराआधी. 'दिवस' लिहिताना ती द काढून मग वेलांटी पुढच्या व ला देऊन टाकायची: 'दविस'. कानाच्या हिशोबाने ती बरोबरच होती; लिपीचीच तऱ्हा उलटी. आम्ही तिला सांगितलं की ही वेलांटी आगाऊ आहे, रांगेत पुढे घुसते. हे तिला एकदम पटलं. तिच्या वर्गातही असं कुणीतरी होतं. च ने वेगळाच घोळ घातला. चाक आणि चित्र यांत चिन्ह एक, आवाज दोन. जाळं आणि जिराफ यांत तेच. हे समजावून सांगण्यासारखं नाहीच. दोन्ही म्हणून बघायचं, जो शब्द ओळखीचा लागेल तो खरा.

रात्रीचं पुस्तक अर्थातच चालू होतं, पण त्यातही मी माझी हुशारी घुसवली. मुलाला नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा त्याच्याशी बोलत वाचलं तर भाषा अधिक वाढते, असं ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवलेलं. मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाच्या उत्तरात भर घालायची, हळूहळू गोष्ट मुलाच्या हाती द्यायची. मी त्यातले प्रश्न तेवढे उचलले. हा कोण? किती आहेत? रंग कोणता? असं का केलं असेल? पुढे काय होईल? पान उलटायच्या आत पाच प्रश्न. चौथ्या का पाचव्या रात्री तिने पुस्तक मिटलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, आधी गोष्ट वाच, मग परीक्षा घे."

त्यानंतर आमचा नियम झाला. पहिल्या वाचनात मी एकही प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न विचारायचा हक्क फक्त तिचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा येतंच (मुलांना तेच पुस्तक अकराव्यांदा का हवं असतं, याचा मी आता विचार करत नाही), तेव्हा गप्पा. मी विचारायचो त्या 'रंग कोणता'छाप प्रश्नांची उत्तरं मला माहीतच असायची आणि ते तिलाही माहीत असायचं. ज्याचं उत्तर मला खरंच माहीत नाही असा प्रश्न सुचला तर विचारायचा, नाहीतर गप्प बसायचं. गप्प बसल्यावर ती जास्त बोलते.

चिठ्ठ्या परत कशा सुरू झाल्या ते सांगायचं राहिलं. बाई वर्गात मुलांच्या लेखनाखाली दुरुस्ती करत नसत, उत्तर लिहीत. मुलाने 'म पडल' लिहिलं की खाली: 'तू पडलास? कुठे पडलास? खूप लागलं का?' त्यात 'पडला' नीट लिहिलेला असतो. मुलाला दिसला तर दिसला. मी घरी दाराला एक रिकामा खोका अडकवला आणि पहिली चिठ्ठी मीच टाकली. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी: 'कध यणर'. मी लिहिलं, 'बाबा सहा वाजता येणार.' दुसऱ्या दिवशी: 'बाबा 6 ल यणार'. यणर चा यणार झाला होता. मी काहीही न शिकवता. तो सहा तिने उलटा काढला होता, आरशातल्यासारखा. या वयात ते सर्रास होतं: कुठलीही वस्तू डावीउजवीकडून कशीही दिसली तरी ती तीच, असं डोळ्यांना शिकवलेलं असतं, आणि अक्षर-अंकांपाशी अचानक तो नियम मोडायचा असतो. तरी बाईंच्या सांगण्यावरून डोळे आणि कान एकदा तपासून घेतले. दोन्ही ठीक निघाले.

चिठ्ठ्यांमधूनच कळलं की शब्द कुठे संपतो हेही मुलाला माहीत नसतं. बोलताना आपण मध्ये थांबतो थोडेच? सुरुवातीला ती प्रत्येक अक्षराला स्वतंत्र टोपी घालायची, मग एकदा सगळ्या वाक्यावरून एकच लांब शिरोरेषा ओढली, पट्टीने. 'बाबाबरोबर' एक शब्द की दोन, यावर आमचा बराच खल झाला. शिरोरेषा तुटली की शब्द संपला, हे तिने शेवटी छापलेल्या पुस्तकात बघून मलाच सांगितलं.

शाळेशी सगळंच जमलं असं नाही. चुकलेला शब्द दहादा लिहून आणण्याचा गृहपाठ दुसऱ्या एका तासाला असायचा. लेक आधी शिरोरेषा दहा, मग काने दहा, मग उभ्या रेघा दहा अशा कारखान्यासारख्या पाडायची. शब्द तिच्या नजरेखालून एकदाही जात नव्हता. मी बाईंशी बोललो, त्या पुढे बोलल्या, दहाचे तीन झाले. तेवढंच पदरात पडलं.

आणि एकदा मी बाईंकडे चूक दाखवायला गेलो. लेक मोठ्याने वाचत होती. पुस्तकात छापलं होतं, 'पिल्लू झाडाखाली बसले होते.' तिने वाचलं, "पिल्लू झाडाखाली बसलं होतं." मी म्हणालो, मात्रा बघत नाही ही. बाई हसल्या. तिने छापील वाक्य वाचून, समजून, आपल्या बोलीत म्हटलं होतं. जी अक्षरावर अडली आहे तिला हे जमणारच नाही. पण, त्या म्हणाल्या, 'बसले'च्या जागी 'पडले' वाचलं तर मात्र लगेच सांगा.

वाचता येतं हे तिला स्वतःला कधी कळलं, ते मी पाहिलंय. एका मोठ्या दारासमोर आम्ही उभे होतो. मी दार ओढत होतो, ते हलत नव्हतं. ती दारावरची पट्टी बघत पुटपुटत होती: ढ, क, ला. मग तिने शब्द पळवला आणि माझ्याकडे न बघताच दोन्ही हातांनी दार ढकललं.

सध्या आमची गाडी जोडाक्षरांच्या घाटात आहे. 'हत्ती' आणि 'रस्ता' येतात. रफार मात्र अडून बसलाय. चिन्ह डोक्यावर बसतं एका अक्षराच्या आणि आवाज निघतो त्याच्याआधी, पुन्हा तीच घुसखोरी, आता वरच्या मजल्यावरून. 'सूर्य' ती परवापर्यंत 'सूय' वाचत होती. वरचं ते काय आहे, असं विचारलं तर म्हणाली, "पक्षी आहे. उडून जाईल." काल खोक्यात चिठ्ठी होती: 'बाबा सुरय ऊगवला ऊठ'. मी खाली लिहिलं, 'सूर्य उगवला, पण आज रविवार आहे.'